पौलाचे बेट युरोपच्या पंगतीत

‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथाचा शेवटचा अध्याय आपण उपासनेत अनेकदा ऐकला आहे. परंतु त्यात आलेले बेट नकाशावर शोधून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. संत पौलाला कैदी म्हणून रोमकडे घेऊन निघालेले तारू वादळात सापडून फुटले. दोनशे शहात्तर जीव कोणी पोहत, कोणी फळकुटांना धरून किनाऱ्यास लागले. आणि बेटावरील परक्या लोकांनी पावसात कुडकुडणाऱ्या ह्या पाहुण्यांसाठी शेकोटी पेटवली. मराठी बायबलमध्ये ह्या बेटाचे नाव मिलिता असे येते. तेच आजचे माल्टा. तेथील भाविक दरवर्षी १० फेब्रुवारीला पौलाच्या जहाजफुटीचा सण साजरा करतात. जहाज फुटले म्हणून सण करणारा दुसरा देश निदान आमच्या तरी ऐकिवात नाही.

हा देश आहे तरी केवढा? सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरवर माल्टा, गोझो आणि चिमुकले कोमिनो ही बेटे मिळून क्षेत्रफळ भरते ३१६ चौरस किलोमीटर. म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मे. बारमाही नदी नाही, डोंगर नाही, खाण म्हणाल तर पिवळसर मऊ चुनखडी दगडाची. पिण्याच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवावे लागते. अशा ह्या देशाने १ मे २००४ रोजी युरोपियन युनियनमध्ये प्रवेश केला. त्या दिवशी एकूण दहा देश आत आले. माल्टा त्यांतील सर्वांत लहान. त्या वेळी तेथील दरडोई उत्पन्न, किमतींतील फरक जमेस धरूनही, युनियनच्या सरासरीच्या साधारण चार पंचमांश होते. आज ते सरासरीच्याही पुढे गेले आहे. सात टक्क्यांच्या आसपासची बेकारी तीन टक्क्यांवर आली. वीस वर्षांत एखाद्या घराची अशी भरभराट झाली तर गाव त्या घरातल्या पुरणपोळीचीही चौकशी करील. येथे तर एका देशाचा प्रश्न आहे.

तरीही हा विषय आमच्या वाचक कुटुंबांपुढे का मांडावा, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. पूर्वी आमच्या कचेरीत बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येणारी तरुण मंडळी कुवेत, बहारिन, दुबई ही नावे सांगत. गेल्या काही वर्षांत त्यांत माल्टाचे नाव ऐकू येऊ लागले आहे. ‘फादर, कॅथलिक देश आहे ना तो?’ असे आईवडील मोठ्या विश्वासाने विचारतात. कॅथलिक आहे, ह्यात शंका नाही. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

माल्टाजवळ विकण्यासारखी वस्तू पूर्वीपासून एकच होती. ती म्हणजे तिचे खोल, सुरक्षित बंदर. ज्याच्या हाती ते बंदर, त्याची भूमध्य समुद्रावर नजर. १५३० पासून १७९८ पर्यंत संत जॉनच्या सरदार-संघाने तेथे राज्य केले. (आमच्या वाचकांसाठी एक गंमत सांगावीशी वाटते. १७३९ साली पोर्तुगीजांच्या हातून वसईचा किल्ला गेला आणि दोनच वर्षांनी, १७४१ मध्ये, मान्युएल पिंटो द फोन्सेका हा पोर्तुगीज सरदार माल्टाचा प्रमुख झाला. पुढे बत्तीस वर्षे तो त्या गादीवर होता. पिंटो आणि फोन्सेका ही आडनावे आपल्याकडे काही परकी नव्हेत.) त्यानंतर इंग्रज आले, गोदी वाढली, आणि अर्धी बेटे आरमाराच्या जिवावर जगू लागली. १९६४ साली स्वातंत्र्य मिळाले, १९७९ च्या ३१ मार्चला शेवटचे ब्रिटिश सैन्य निघून गेले, आणि भाडेकरू गेल्यावर रिकाम्या घराकडे पाहत बसलेल्या घरमालकासारखी त्या देशाची अवस्था झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारोंनी माणसे ऑस्ट्रेलिया, कॅनडा व इंग्लंडकडे गेली होतीच. जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून तेथील ख्रिस्तसभेने १९५० साली एक स्थलांतरित आयोग उभारला. तोच आयोग पुढे बेटावर येणाऱ्या निर्वासितांची काळजी वाहू लागला. जाणाऱ्यांसाठी मांडलेले टेबल येणाऱ्यांसाठी वळवावे लागले, ह्या एका गोष्टीत माल्टाचा अर्धा इतिहास आला.

युरोपच्या पंगतीत बसावे की न बसावे, ह्यावर मात्र घराघरांत भांडणे झाली. १९९० साली अर्ज केला. १९९६ साली मजूर पक्षाचे आल्फ्रेड सांत सत्तेवर आले आणि तो अर्ज त्यांनी गोठवला. १९९८ साली एडी फेनेक आदामी पुन्हा आले व त्यांनी तो जिवंत केला. ८ मार्च २००३ रोजी सार्वमत झाले. दहापैकी नऊ मतदार केंद्रावर गेले आणि जवळजवळ चोपन्न टक्क्यांनी होकार दिला. त्यावरही वाद मिटेना, तेव्हा महिन्याभरात सार्वत्रिक निवडणूक घेऊन तोच कौल पुन्हा घ्यावा लागला. माल्टातील राजकारणाची धग आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची आठवण करून देणारी आहे. त्या धगीपासून ख्रिस्तसभाही दूर राहिली नव्हती. १९६० च्या दशकात मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांवर महागुरुस्वामींनी धार्मिक बंदी घातली, त्या पक्षाला मत देणे पाप ठरवले गेले, काहींना पवित्र दफनभूमीतही जागा नाकारली गेली. १९६९ साली तो तंटा मिटला. धर्मगुरू म्हणून ती पाने वाचताना आम्हांला क्लेश होतात. पुढच्या पिढीत मंदिराकडे पाठ का फिरली, ह्याची कारणे शोधताना ती पाने वगळून चालणार नाही.

नकार देणाऱ्यांची भीती अगदीच खुळी नव्हती. सिसिलीचे मजूर लोंढ्याने येतील, परदेशी धनिक घरे विकत घेतील, कोळ्यांचा समुद्र जाईल, गोदी बुडेल, असे ते म्हणत. म्हणून माल्टाने वाटाघाटीत बऱ्याच सवलती पदरात पाडून घेतल्या. किनाऱ्यापासून पंचवीस मैलांच्या पट्ट्यात मासेमारीवर मर्यादा राहिली. परक्यांनी दुसरे घर घेण्यावर निर्बंध राहिले. गर्भपाताविषयीच्या माल्टाच्या कायद्याला युनियनच्या करारांनी बाधा येणार नाही, असा स्वतंत्र मसुदा करारास जोडला गेला. आणि माल्टीज भाषा युनियनच्या अधिकृत भाषांपैकी एक झाली. ही भाषा मूळ अरबी कुळातली, लिपी मात्र रोमन. देवाला तेथे ‘आल्ला’ म्हणतात आणि उपवासकाळाला ‘रन्दान’. चार-साडेचार लाख लोकांची ही बोली आज युरोपच्या संसदेत दुभाषांमार्फत ऐकू येते. बारा कोटींपलीकडे गेलेल्या महाराष्ट्राने ह्यावर थोडा विचार करण्यास हरकत नाही.

प्रवेश झाला आणि दुसऱ्या दिवसापासून सोने बरसू लागले, असे मात्र झाले नाही. पहिली आठ-नऊ वर्षे वाढ बेताचीच होती. जुनी गोदी सरकारी मदतीवर तगून होती. युनियनच्या नियमांनुसार ती मदत थांबवावी लागली, आणि २०१० साली ती खाजगी हाती गेली. कपड्यांचे कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांकडे निघून गेले. २००८ च्या १ जानेवारीपासून लिरा जाऊन युरो आला. पैशाचा खरा ओघ सुरू झाला तो २०१३ च्या सुमारास. तेव्हापासून २०१९ पर्यंत वर्षाला सहा-सात टक्क्यांच्या गतीने उत्पन्न वाढत गेले. युरोपात एवढी गती दुर्मीळ होती. सरकारी कर्ज उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास होते, ते चाळिसांच्या घरात आले.

हे कशामुळे घडले? युनियनने अनुदान दिले, हे खरे. २००७ ते २०१३ ह्या एका सत्रात ऐंशी कोटी युरोंहून अधिक रकमेची तरतूद माल्टाच्या वाट्याला आली. रस्ते झाले, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे झाली. २०१५ मध्ये सिसिलीहून समुद्राखालून विजेची तार आली. परंतु आमच्या मते अनुदानापेक्षा बाजारपेठ अधिक महत्त्वाची ठरली. माल्टात परवाना घेतलेली पेढी पंचेचाळीस कोटींच्या बाजारात आपली सेवा विकू शकते. इंग्रजी बोलणारी माणसे, हलका कर आणि लवकर निघणारा परवाना, एवढे भांडवल बंदराच्या जागी उभे राहिले. विमा, वित्तसंस्था, विमान-दुरुस्ती आली. स्वस्त विमाने २००६ पासून उतरू लागली आणि २०२४ साली पस्तीस लाखांवर पर्यटक येऊन गेले. म्हणजे दर रहिवाशामागे सहा पाहुणे.

ह्या यादीत एक धंदा असा आहे की त्याचे नाव घेताना आमची जीभ अडखळते. तो म्हणजे संगणकावरील जुगार. माल्टाने २००४ सालीच त्याचे नियम केले, आणि आज उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा त्यातून येतो असे मानतात. आपल्या गावांतून मटक्याने संसार धुऊन नेलेले आम्ही पाहिले आहेत. तोच मटका काचेच्या इमारतीत, वातानुकूलित खोलीत आणि सरकारी परवान्याने चालला म्हणजे त्याला उद्योग म्हणावयाचे काय? अर्थशास्त्री म्हणतील, हरणारा माणूस माल्टात नसतो. हेच उत्तर आम्हांला सर्वांत अस्वस्थ करते.

उलट, एका गोष्टीचे मनापासून कौतुक वाटते. २००४ साली माल्टातील काम करण्याच्या वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम एक तृतीयांश नोकरीत होत्या. युरोपातील तो नीचांक होता. २०१४ पासून नोकरी करणाऱ्या आईबापांच्या लेकरांसाठी पाळणाघरे मोफत झाली, आणि आज हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर आहे. देशाच्या भरभराटीत घरातील लेकीसुनांच्या कमाईचा वाटा किती, हे वर्तमानपत्रांचे मथळे सहसा सांगत नाहीत. अर्थात् ह्याच देशात आज दर स्त्रीमागे सरासरी एकच मूल जन्मते. २०२२ व २०२३ ह्या दोन्ही वर्षी हा युनियनमधील नीचांक होता. पाळणाघरे झाली, पण घरभाडे असे की दुसऱ्या पाळण्याला खोली नाही, असे तेथील एका धर्मगुरूने आम्हांस सांगितले.

आम्ही माल्टा दोनदा पाहिले. रोममध्ये शिकत असताना २००६ च्या फेब्रुवारीत पोझालो बंदराहून बोटीने गेलो. तेव्हा शेंगेनचा करार तेथे लागू झालेला नव्हता, म्हणून त्या चिमुकल्या देशाचा निराळा व्हिसा काढावा लागला होता. पिवळ्या रंगाच्या जुन्यापुराण्या बसगाड्या, चालकाच्या डोक्यावर पवित्र मातेची तसबीर व रोझरी. दुमजली दगडी घरे आणि त्यांना रंगीत लाकडी बंद सज्जे. चर्चच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळे, त्यांतले एक मुद्दाम चुकीचे. सैतानाला खरी वेळ कळू नये म्हणून, असे लोक हसत सांगत. जहाजफुटीच्या सणाला व्हॅलेटाच्या अरुंद गल्लीतून पौलाची मूर्ती खांद्यावरून निघाली तेव्हा सज्जांमधून कागदाच्या तुकड्यांचा असा पाऊस पडला की आमचा काळा कोट पांढरा झाला.

२०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा गेलो तेव्हा सण नव्हता. यारी मात्र सर्वत्र होत्या. स्लिमा व सेंट ज्युलियन्सच्या किनाऱ्यावरील दुमजली घरांची ओळ मोडून सात-आठ मजली इमारती उभ्या होत्या, आणि मधूनच एखादे जुने घर दोन भिंतींच्या मध्ये चेंगरल्यासारखे दिसे. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाख एकोणीस हजारांवर गेली होती. त्यांतील पाचांपैकी एकाहून अधिक परदेशी. इटालियन, ब्रिटिश, भारतीय आणि फिलिपिनो हे त्यांतले मोठे गट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले सिंधी व्यापारी सोडले तर पूर्वी तेथे भारतीय फारसे दिसत नसत. आता रविवारच्या इंग्रजी मिस्साला केरळच्या परिचारिकांनी बाकडी भरलेली होती.

मिस्सा संपल्यावर बाहेर मोटारसायकलला टेकून उभा असलेला एक तरुण आमचे मराठी उच्चाराचे इंग्रजी ऐकून पुढे आला. ‘फादर, वसईचे का?’ तो नालासोपाऱ्याचा निघाला, धर्माने हिंदू. घरोघर जेवणाचे डबे पोहोचवण्याचे काम करी. वाणिज्य शाखेचा पदवीधर. एका खोलीत सहा जण राहत. खाटेचे भाडे महिन्याला अडीचशे युरो. ज्या एजन्सीने त्याला कामाला ठेवले होते ती कमाईचा जवळजवळ निम्मा वाटा कापून घेई, आणि कामाचा परवाना तिच्याच नावाशी बांधलेला, म्हणून सोडून जाण्याचीही चोरी. ‘पण घरी पैसे जातात,’ तो म्हणाला. आम्ही विचारले, इथले लोक कसे आहेत? तो क्षणभर थांबला. ‘चांगले आहेत. दार उघडतात, पिशवी घेतात, थँक यू म्हणतात.’ दोन वर्षांत तेथील एकाही घराचा उंबरठा त्याने ओलांडला नव्हता. पौलासाठी शेकोटी पेटवणाऱ्या बेटावर आम्ही हे ऐकत होतो.

श्रीमंतीची दुसरी बाजूही माल्टाने पाहिली आहे. २०१४ पासून साडेसहा लाख युरो आणि इतर गुंतवणूक ह्यांच्या मोबदल्यात नागरिकत्व विकण्याची योजना सुरू झाली. ती युनियनच्या कायद्याविरुद्ध असल्याचा निकाल युरोपीय न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी दिला. भ्रष्टाचार उघड करणाऱ्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया ह्यांची १६ ऑक्टोबर २०१७ रोजी मोटारीत बॉम्ब ठेवून हत्या झाली. २०२१ च्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूची जबाबदारी शासनावरही ठेवली. त्याच वर्षी आर्थिक गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने माल्टाला करड्या यादीत घातले. वर्षभराने नाव निघाले. शेजारच्या खोदकामाने राहते घर कोसळून, बांधकामाखाली गाडले जाऊन माणसे मेली. एप्रिल २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस तेथे गेले असता राष्ट्रपती-भवनात सर्वांसमक्ष त्यांनी धनलोभ आणि बांधकामातील सट्टेबाजी ह्यांविषयी इशारा दिला. यजमानांना त्यांच्याच घरी असे सुनावणे सोपे नसते. हरित वसईच्या चळवळीत ज्यांनी पावले झिजवली त्यांना ते शब्द ओळखीचे वाटतील.

आणि श्रद्धेचे काय? १९६७ साली दर रविवारी मिस्साला जाणारे शेकडा ब्याऐंशी होते, २००५ साली बावन्न, २०१७ साली छत्तीस. २०११ च्या सार्वमताने घटस्फोटाचा कायदा आला. हा सारा दोष युरोपच्या माथी मारणारे लोक तेथेही आहेत. आम्हांस ते पटत नाही. १९९५ सालीच, म्हणजे प्रवेशाच्या नऊ वर्षे आधी, आकडा त्रेसष्टवर आला होता. घसरण जुनी आहे. नवे एवढेच की आज त्या रिकाम्या बाकड्यांवर मलयाळी आणि फिलिपिनो कुटुंबे बसतात आणि माल्टाच्या ख्रिस्तसभेला आपल्या मंदिराचा यजमान कोण आणि पाहुणा कोण हे नव्याने ठरवावे लागत आहे.

माल्टाचे अर्थमंत्री क्लाईड कारुआना ह्यांनी २०२३ साली स्वतःच सांगितले की ह्याच रीतीने वाढत राहायचे तर २०४० पर्यंत लोकसंख्या आठ लाखांवर न्यावी लागेल. तीनशे सोळा चौरस किलोमीटरवर आठ लाख! तेव्हापासून परदेशी कामगारांचे नियम कडक होत चालले आहेत. हे आपल्याकडचे दलाल सांगत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे संध्याकाळी भेटायला आले. मुलगा चोवीस वर्षांचा, हॉटेलच्या कामाचे शिक्षण घेतलेला. दलालाने पाच लाख मागितले होते आणि त्यासाठी केळीची वाडी गहाण टाकण्याचा विचार चालला होता. आम्ही वर लिहिलेले पुष्कळसे त्यांना सांगितले. २०२४ साली तेथील किमान वेतन आठवड्याला सुमारे २१३ युरो होते आणि खाटेचे भाडे किती, ह्याचा हिशेबही कागदावर मांडून दाखवला. नोकरीचा करार आधी हातात घ्या, मालकाचे नाव-पत्ता पाहा, नोकरी सुटली तर दुसरी शोधायला किती दिवस मिळतात ते लिहून मागा, असे बजावले. वडील मान हलवत होते. आई एवढेच म्हणाली, ‘फादर, सगळं खरं. पण इथं तरी त्याला काय आहे? वाडीत पाणी खारं झालंय.’

ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलाने दलालाकडे कराराची प्रत मागितली आहे. तीन महिने झाले, ती आलेली नाही. वाडीचा सातबारा अजून कपाटातच आहे.